घोट्यावरचा इसब जात नाही, कारण दुखणं शिरेत आहे

प्रश्न: वय ५४, काम दिवसभर उभं राहून करायचं. डाव्या पोटरीच्या आतल्या बाजूला फुगलेल्या, नागमोडी शिरा दहा-बारा वर्षांपासून आहेत, पण त्यांचा त्रास नव्हता. दीड वर्षापासून घोट्याच्या वर, आतल्या बाजूची त्वचा काळपट झाली आहे. भयंकर खाज सुटते आणि मधूनमधून लस येते. चार-पाच मलमं झाली. लावलं की बरं वाटतं, थांबवलं की पुन्हा सुरू. दाबाचे मोजे आणले होते, सहन झाले नाहीत. आधी त्वचा बरी करावी की शिरांचं लेझर करून घ्यावं? मधुमेह नाही. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू आहे.

उत्तर:

‘त्वचा पूर्ण बरी होऊ दे, मग शिरांचं बघू’ हा क्रम बहुतेक जण लावतात आणि त्यात वर्षं निघून जातात. तुमची त्वचा बरी होत नाही ती शिरांमुळेच. खाज आणि लस एक-दोन आठवड्यांत मलमाने आटोक्यात आणता येते, आणायलाही हवी. पण त्याच आठवड्यात पायाच्या शिरांच्या डॉपलर सोनोग्राफीची वेळ घ्या. नुसती मलमं बदलत राहणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. इथे पखाल म्हणजे खरोखरच कातडं, त्यामुळे म्हण अक्षरशः लागू पडते.

आत काय बिघडलंय ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे उपचार त्यावरच उभे आहेत. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो आणि खोल शिरांमधलं रक्त वर ढकलतो. शिरांमधल्या एकेरी झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. स्थिर उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरांमधला दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर (पाऱ्याचा) असतो, कारण हृदयापर्यंतच्या रक्ताचा अख्खा स्तंभ तिथे तोललेला असतो. निरोगी पायात काही पावलं चाललं की हा दाब ३०च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. झडपा निकामी झाल्या की चाललं तरी तो पुरेसा उतरत नाही. दिवसभर ताणलेल्या केशवाहिन्यांमधून पाणी, प्रथिनं आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. पाण्याची सूज होते. तांबड्या पेशींमधलं लोह त्वचेत साठून तपकिरी-काळा डाग पडतो. ही सगळी गळती निस्तरायला श्वेतपेशी गोळा होतात आणि त्यातून जो दाह पेटतो तोच तुमचा इसब. दाह वर्षानुवर्षं राहिला की त्वचेखालचा चरबीचा थर आकसतो आणि लाकडासारखा टणक होतो.

जागा घोट्याच्या वर आतल्या बाजूलाच का? उभं असताना सर्वाधिक दाब तिथे येतो, मांडीपासून खाली येणारी मोठी वरवरची शीर (लाँग सॅफेनस) तिथूनच जाते, आणि खोल शिरांना जोडणाऱ्या आडव्या शिरांच्या झडपाही त्याच पट्ट्यात बिघडतात. शिरा पोटरीवर दिसतात म्हणून दोष पोटरीत आहे असं समजू नका. पुष्कळदा पहिली निकामी झडप जांघेत असते. जाड पायात तर बाहेरून एकही फुगलेली शीर दिसत नाही आणि घोट्यावरचा इसब हीच एकमेव खूण असते. असा माणूस वर्षानुवर्षं फक्त त्वचारोगाची औषधं घेत राहतो.

या आजाराच्या पायऱ्या जगभर ‘सीईएपी’ पद्धतीने मोजतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा म्हणजे सी-१, तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड फुगलेल्या शिरा सी-२, सूज सी-३, त्वचेतले बदल सी-४, बरी झालेली जखम सी-५ आणि उघडी जखम सी-६. सी-४चे पुढे तीन भाग आहेत: ‘ए’ म्हणजे काळपटपणा किंवा इसब, ‘बी’ म्हणजे कडक झालेली त्वचा किंवा पांढरे, आक्रसलेले व्रणासारखे डाग, आणि ‘सी’ म्हणजे घोट्याच्या व पावलाच्या कडेला पसरलेला निळ्या बारीक शिरांचा पंखा. वर्णनावरून तुम्ही सी-४ए आहात. ‘बी’ सुरू झालंय का हे चिमटीने तपासा. घोट्यावरची त्वचा दुसऱ्या पायासारखी चिमटीत उचलता येत असेल तर अजून अवकाश आहे. येत नसेल, आणि पाय खाली बारीक व वर फुगीर, उलट्या बाटलीसारखा दिसू लागला असेल, तर पुढची पायरी जखमेची आहे. सी-४पासून पुढे शिरांवरचा उपचार हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

आधी दोन तपासण्या

पहिली घोटा-दंड दाब गुणोत्तराची. हातातल्या छोट्या डॉपलर यंत्राने घोट्याच्या धमनीतला वरचा दाब मोजून त्याला दंडातल्या वरच्या दाबाने भागायचं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण मोजे किंवा बँडेज बांधण्याआधी ते झालंच पाहिजे. ०.८ ते १.३ असेल तर पुरता दाब देता येतो. ०.५ ते ०.८ असेल तर कमी दाब, तोही जाणकाराच्या देखरेखीखाली. ०.५ च्या खाली दाब दिलाच जात नाही, आधी धमन्यांचा उपचार करावा लागतो. १.३च्या वर आकडा आला की खूश होऊ नये. धमनीत चुना साठून ती कडक झाल्यामुळे आकडा खोटा मोठा येतो. मधुमेहींमध्ये हे नेहमीचं आहे, आणि तिथे पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात. धमनी अरुंद असलेल्या पायाला घट्ट बँडेज बांधलं तर कातडी मरते. हा धोका नुसता कागदावरचा नाही.

दुसरी तपासणी म्हणजे शिरांची डॉपलर सोनोग्राफी. ती उभं राहून झाली पाहिजे, हे लक्षात ठेवा. झोपलेल्या माणसाच्या शिरांत उलटा प्रवाह नीट दिसत नाही आणि ‘सगळं ठीक’ असा चुकीचा अहवाल हातात पडतो. पोटरी दाबून सोडल्यावर वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त, आणि मांडी-गुडघ्याच्या खोल शिरेत एका सेकंदाहून जास्त रक्त उलटं वाहिलं तर झडप निकामी धरतात. अहवालात चार गोष्टी हव्यात: खोल शिरा मोकळ्या आहेत का आणि जुन्या गुठळीच्या खुणा आहेत का, जांघेतला आणि गुडघ्यामागचा सांधा (वरवरची शीर खोल शिरेला मिळते ती जागा) गळतोय का, मुख्य शिरेची जाडी आणि गळती कुठपर्यंत आहे, आणि इसबाच्या जागेखाली गळकी जोडशीर आहे का. ‘व्हेरिकोज व्हेन्स दिसतात’ एवढ्या एका ओळीच्या अहवालावर कुठलाही उपचार ठरवू नये. ते तर डोळ्यांनाही दिसतंच.

त्वचेचं काय करायचं

लस येत असेल तेव्हा जाड, तेलकट मलम त्यावर थापू नका. आधी कोरडं करायचं. पोटॅशियम परमँगनेटचं १०,००० पट पातळ पाणी, म्हणजे १ लिटर कोमट पाण्यात १०० मिलिग्रॅम, हे जुनं औषध इथे अजूनही उत्तम चालतं. रंग फिकट गुलाबी हवा, जांभळा नको. त्यात भिजवलेलं स्वच्छ कापड १० ते १५ मिनिटं ठेवा किंवा पाय बुडवा, दिवसातून एक-दोनदा. न विरघळलेला एकही कण त्वचेला लागला तर भाजतं, म्हणून पूर्ण ढवळून, शक्य तर गाळून घ्या. नखं तपकिरी होतात. आधी त्यांना व्हॅसलिन चोळा. गोळी किंवा खडे मुलांपासून दूर ठेवा, पोटात गेल्यास घातक आहेत. लस थांबली की हे पाणीही थांबवायचं. साधारण तीन ते पाच दिवस पुरतात. पुढे चालू ठेवलं तर त्वचा इतकी कोरडी पडते की नव्याने भेगा जातात.

मग स्टेरॉइड. नाव ऐकून घाबरू नका, पण मोजून वापरा. मोमेटासोन ०.१ टक्का किंवा बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्का यांपैकी एक, फक्त स्टेरॉइड असलेलं. ओलसर त्वचेला क्रीम, कोरड्या-खपलीच्या त्वचेला ऑइंटमेंट. दिवसातून एकदा, १ ते २ आठवडे. मग एक दिवसाआड एक आठवडा. मग आठवड्यातून दोनदा दोन आठवडे, आणि बंद. मात्रा बोटाच्या पेरावर मोजतात: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. घोट्याभोवतीच्या चट्ट्याला एक रेघ सहसा पुष्कळ. एकदम बंद केलं की उसळी मारून परत येतं. तुमचं ‘थांबवलं की पुन्हा’ यामागे शिरांचा दाब आहेच, पण निम्मा दोष बहुधा या अचानक थांबवण्याचा असावा. उलट, क्लोबेटासोलसारखं जोरकस औषध महिनोन् महिने लावत राहिलं तर आधीच नाजूक झालेली त्वचा कागदासारखी पातळ होते आणि नखाच्या ओरखड्यानेही जखम होते.

तुमच्या त्या चार-पाच मलमांच्या ट्यूबवर छापलेले घटक वाचा. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये असलेली मिश्र मलमं या आजारात सर्वांत जास्त नुकसान करतात. फुगलेल्या शिरांच्या इसबावर बाहेरून लावलेल्या गोष्टींची ॲलर्जी फार लवकर जडते. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे निओमायसिन, लॅनोलिन (लोकरीची चरबी), सुगंधी द्रव्यं, क्रीम टिकवण्यासाठी घातलेली रसायनं, आणि पट्टी-मोज्यांमधल्या रबरातली रसायनं. घरगुती लेप आणि वनस्पतींचे अर्कही यात येतात. नैसर्गिक आहे म्हणून ॲलर्जी होत नाही असं नसतं. मलम लावूनही चट्टा पसरतोय, त्याची कड मलम लावलेल्या जागेबरोबर किंवा मोज्याच्या पट्ट्याबरोबर सरळ रेषेत संपतेय, असं दिसलं तर ॲलर्जी धरून चला आणि सगळं थांबवून फक्त साधं पांढरं पॅराफिन लावा. पक्कं करायचं असेल तर पाठीवर पॅच टेस्ट करतात: पट्ट्या ४८ तास ठेवायच्या आणि वाचन दोनदा, पट्ट्या काढल्यावर आणि पुन्हा ९६ तासांच्या सुमारास. कधी कधी पायाचा इसब भडकला की दुसऱ्या पायावर, मांड्यांवर, हातांवरही बारीक खाजरे पुरळ उठतात. तो संसर्ग पसरलेला नसतो, शरीराची प्रतिक्रिया असते. मूळ चट्टा शांत झाला की तेही ओसरतं.

रोजची ओलावा देणारी क्रिया मात्र कायमची. पांढरं मऊ पॅराफिन आणि द्रव पॅराफिन निम्मं-निम्मं, सुगंध नसलेलं, रात्री मोजे काढल्यावर, केसांच्या दिशेने वरून खाली हात फिरवत. उलट्या दिशेने चोळलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. सकाळी लावू नका: मोजे चढत नाहीत आणि लवकर खराब होतात. साबणाऐवजीही हेच वापरता येतं. पॅराफिन मुरलेले कपडे आणि पट्ट्या चटकन पेट घेतात, त्यामुळे विडी-सिगारेट आणि उघडी ज्योत लांब ठेवा. बोटांच्या बेचक्यांत पांढरी, भिजल्यासारखी कातडी आहे का तेही पाहा. ती बुरशी असते आणि तिथल्या भेगांतून जंतू आत शिरतात. टर्बिनाफिन क्रीम एक-दोन आठवडे लावून ती संपवा.

प्रतिजैविकांच्या गोळ्या? बहुतेक वेळा नकोत. लाल, गरम, दुखरा पाय पाहिला की जंतुसंसर्ग समजून एकामागून एक कोर्स दिले जातात. खरा संसर्ग (सेल्युलायटिस) सहसा एकाच पायाला, काही तासांत ते दोन दिवसांत वाढणारा, तापासह, आणि खाजण्यापेक्षा दुखणारा असतो. दोन्ही पाय महिन्यांपासून लाल असतील, खाजत असतील, खपल्या असतील, तर तो जवळजवळ नेहमी इसबच. मधली एक फसवी अवस्था आहे. चरबीचा थर कडक होण्याची सुरुवात तीव्र असते, तेव्हा घोट्याच्या वर एक लाल, अत्यंत दुखरा, टणक चट्टा उठतो. ताप नसतो, प्रतिजैविकांनी फरक पडत नाही. दाब आणि विश्रांतीने पडतो.

मोजे सहन झाले नाहीत, असं का होतं

मोज्यांबद्दलची तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की यावर जरा थांबतो. कारणं ठरलेली असतात: चुकीचं माप, चुकीच्या वेळी घालणं, ओल्या इसबावर घालणं, किंवा पहिल्याच दिवशी बारा तास घालणं.

माप सकाळी उठल्या उठल्या, सूज चढण्याआधी घ्यायचं. घोट्याच्या हाडांच्या लगेच वर, सर्वांत बारीक जागी घेर. पोटरीचा सर्वांत मोठा घेर. आणि टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खालपर्यंत लांबी. बुटाच्या मापावरून दिलेला मोजा घेऊ नका. संध्याकाळी मोजलं तर ते सुजेचं माप होतं, आणि सकाळी तोच मोजा ढिला. गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरतो. मांडीपर्यंतचा घसरतो आणि घसरून झालेली वळी पायाला फास लावते. दाबाचे ‘वर्ग’ देशोदेशी वेगवेगळे आहेत, त्यामुळे वर्ग न बघता खोक्यावरचे मिलिमीटर बघा. तुमच्या पायरीला घोट्यापाशी २० ते ३० मिलिमीटर लागतो, अर्थात दाब गुणोत्तर ठीक असेल तर. सुरुवात १५ ते २० ने करा, पहिल्या दिवशी तीन-चार तास, रोज तासाभराने वाढवत. दाब कमी असला तरी रोज घातलेला मोजा कपाटातल्या भारी मोज्यापेक्षा कामाचा.

घालायची रीत अशी. बिछान्यातून उतरण्याआधी, किंवा उतरला असाल तर दहा मिनिटं पाय उंच ठेवून. हात मोज्यात घालून टाच पकडा आणि टाचेपर्यंतचा भाग सोडून वरचा सगळा मोजा उलटा करा. चवडा आणि पाऊल आत सरकवा, टाच टाचेच्या खिशात नेमकी बसवा. मग रबरी हातमोजे घालून तळहातांनी थोडं थोडं वर सरकवत न्या. वरची कड धरून ओढू नका. त्याने कापड वर ताणलं जातं आणि गुडघ्याखाली दाब वाढतो, जिथे तो सर्वांत कमी हवा. लांबी जास्त झाली तर कड दुमडायची नाही, दुमडल्यावर तिथला दाब दुप्पट होतो. रात्री काढायचा. दोन जोड ठेवा, रोज कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, उन्हात किंवा हीटरवर वाळवू नका. तीन ते सहा महिन्यांत ताण संपतो; मोजा सहज चढू लागला की समजा तो मेला. वाकता येत नसेल किंवा हाताला जोर नसेल तर वेल्क्रोच्या पट्ट्यांचे आवरण मिळतं, किंवा कमी दाबाचे दोन मोजे एकावर एक चढवले तरी दाबाची जवळपास बेरीज होते.

लस वाहत असताना मोजा नकोच. तेव्हा कमी ताणाच्या बँडेजचे थर: आधी सुती नळीचं अस्तर, मग कापसाची पट्टी, मग बँडेज. पाऊल नडगीशी काटकोनात धरून, बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. टाच उघडी सोडली तर तिथे सूज फुगते. बँडेजचा दाब ताण आणि थरांबरोबर वाढतो आणि गोलाई जितकी लहान तितका अधिक पडतो. म्हणूनच बारीक घोट्यावर आपोआप जास्त आणि पोटरीवर कमी दाब मिळतो. पण याच नियमाने नडगीच्या धारदार हाडावर आणि घोट्याच्या उंचवट्यावर घातक दाब येतो, म्हणून तिथे कापूस जास्त. बांधल्यावर बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा रात्री दुखणं वाढलं तर वाट न बघता सोडा.

शिरांवरचा उपचार

आता मूळ काम. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ साली जो क्रम घालून दिला तो आजही बहुतेक ठिकाणी पाळला जातो: आधी शीर आतून उष्णतेने बंद करणं, ते शक्य नसेल तर फोम (शिरेत भरायचा औषधाचा फेस), तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया. आणि उपचार शक्य असताना नुसते मोजे देऊन बोळवण करू नये, हेही त्यातच आहे.

लेझर आणि रेडिओफ्रीक्वेन्सी यांतून एक निवडताना फार डोकं शिणवू नका, हातखंडा असलेल्या डॉक्टरचं यंत्र कुठलं हे जास्त महत्त्वाचं. दोन्हींत गुडघ्याच्या आसपास सुई टोचून शिरेत तार सरकवतात आणि तिचं टोक जांघेतल्या सांध्यापासून सुमारे दोन सेंटिमीटर अलीकडे ठेवतात. सोनोग्राफीत बघत शिरेभोवती पातळ भुलीचं औषध भरतात. हे पाणी भूल तर देतंच, पण शीर आवळतं, त्वचेपासून दूर ढकलतं आणि उष्णता शोषतं. इथे हयगय झाली की त्वचा भाजते. रेडिओफ्रीक्वेन्सीत तारेचा सात सेंटिमीटरचा तुकडा १२० अंशांवर २० सेकंद तापवून एकेक टप्पा बंद करत येतात. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो, आणि चालायचंच असतं. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास मांडीत दोरी ताणल्यासारखं दुखतं. बंद झालेली शीर आकसतेय त्याचं ते लक्षण, घाबरायचं नाही. गुडघ्याच्या बऱ्याच खालपर्यंत तापवत नेलं तर शिरेलगतची संवेदनेची नस दुखावून नडगीच्या आतल्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो. आठवड्याभरात सोनोग्राफी पुन्हा करून गुठळी खोल शिरेत डोकावत नाही ना हे बघतात.

फुगलेल्या नागमोडी शिरांमध्ये तार जात नाही. त्या दोन-तीन मिलिमीटरच्या छेदांतून हुकने काढतात किंवा फोमने बंद करतात. फोम म्हणजे पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, एक भाग औषध आणि चार भाग हवा दोन सिरिंजमधून घुसळून केलेला फेस. एका बैठकीत सहसा १० मिलिलिटरच्या आत. इसबाखालची गळकी शीर गाठायला तो फार सोयीचा, कारण खराब त्वचेवर छेद द्यावा लागत नाही. उणी बाजू अशी की शीर पुन्हा उघडण्याचं प्रमाण यात जास्त आणि तपकिरी रेघ महिनोन् महिने राहते. सरसाने शीर चिकटवणारी पद्धतही आहे. तिला भरावाची भूल लागत नाही, पण त्या रसायनाची ॲलर्जी येणारे असतात, आणि आधीच ॲलर्जीक इसब असलेल्या पायासाठी ती माझी पहिली निवड नसेल.

खोल शिरा जुन्या गुठळीने बंद असतील तर वरवरच्या फुगलेल्या शिरा हाच रक्ताचा पर्यायी रस्ता असू शकतो. त्या बंद केल्या तर पाय बिघडतो. वरच्या चार मुद्द्यांत खोल शिरा पहिल्या ठेवल्या त्या यासाठी.

उपचारानंतर काय होईल? खाज आणि इसब बहुधा काही आठवड्यांत उतरतात. कडकपणा मऊ व्हायला महिने लागतात. काळा डाग फिका होतो, जात नाही. तो लोहाचा आहे, रंग उजळवणाऱ्या क्रीमने हलत नाही, उलट त्या क्रीमने नवा इसब उठतो. काही वर्षांनी नव्या शिरा येऊ शकतात, तेव्हा दुरुस्ती लागते. याचा अर्थ पहिला उपचार फसला असा नाही.

जखम झाल्यावर शिरांना हात लावायचा नाही, हा गैरसमजही इथेच निकालात काढतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एव्हरा’ या ब्रिटनमधल्या अभ्यासात ४५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या शिरा दोन आठवड्यांच्या आत बंद केल्या, उरलेल्यांच्या जखम भरल्यानंतर किंवा सहा महिन्यांनी. दोन्ही गटांना बँडेज होतंच. जखम भरायला लागलेला मध्यक काळ ५६ दिवस विरुद्ध ८२ दिवस. त्याआधी २००४च्या ‘एस्कार’ अभ्यासात शिरांची शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये वर्षभरात जखम परत होण्याचं प्रमाण १२ टक्के, नुसत्या बँडेजवर २८ टक्के. जखमेला साधं स्वच्छ पाणी, न चिकटणारी पट्टी आणि वर सुमारे ४० मिलिमीटरचा दाब. पट्टी कुठल्या कंपनीची याने फार फरक पडत नाही. पेंटॉक्सिफायलिन ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा याने भरण्याला मदत होते. तीन महिन्यांत भरत नसलेल्या किंवा कडा उचललेल्या जखमेचा तुकडा तपासायलाच हवा, जुन्या व्रणात कर्करोग होतो.

तातडीच्या तीन गोष्टी

पातळ त्वचेवरची निळी गाठ फुटून रक्ताची चिळकांडी उडाली तर उभं राहू नका, खुर्चीत बसू नका. जिथे आहात तिथे आडवे व्हा, पाय हृदयाच्या वर उचला आणि घडी केलेल्या कापडाने त्या जागी दहा मिनिटं सलग दाबा, मधे उघडून बघायचं नाही. मांडीला दोरी बांधू नका, त्याने शिरांतला दाब वाढून रक्त अधिक येतं. थांबलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा, पुन्हा फुटतं.

शिरेच्या वाटेवर लाल, कडक, दुखरी दोरी झाली तर ती वरवरची गुठळी. सोनोग्राफीत ती पाच सेंटिमीटर किंवा जास्त लांब असेल तर रक्त पातळ करणारं औषध सहसा ४५ दिवस देतात, आणि जांघेच्या सांध्यापासून तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर खोल गुठळीसारखाच उपचार. अख्खी पोटरी अचानक सुजली, किंवा दम लागून छातीत दुखलं, तर रुग्णालयात जा, बाकी सगळं नंतर.

दिवसभर उभं राहण्याला पर्याय नसेल तर निदान पुतळ्यासारखे उभे राहू नका. दर अर्ध्या तासाने टाचा उचलून चवड्यांवर दहा-पंधरा वेळा वर-खाली व्हा; पोटरीचा पंप त्यानेच चालतो. घरी तीन-चार वेळा अर्धा तास पाय हृदयाच्या वर. स्टुलावर ठेवलेला पाय हृदयाच्या खालीच राहतो, आडवं व्हावं लागतं. सूज उतरवायला लघवी वाढवणाऱ्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका, झडपांवर त्यांचा काही परिणाम नाही.

राहता राहिलं अम्लोडिपिन. त्याने घोट्यांना सूज येते, मात्रा जास्त तशी अधिक, आणि ती दोन्ही पायांना असते. संध्याकाळी उजवा घोटाही सुजत असेल तर रक्तदाबाच्या डॉक्टरांना विचारून औषध बदलता येईल. गोळी स्वतः बंद मात्र करू नका.